पाहुण्यांसाठी मांडलेलं घर

१८ नोव्हेंबर

बारावी कला शाखेच्या भगिनींनो, आणि मागच्या बाकांवर बसून कुरमुरे खाणाऱ्या बंधूंनो!

शिष्यवृत्त्या नाहीत असं नाही. आहेत! फक्त त्यांची बातमी आपल्या दारी मुदत संपल्यावर येते. दरवर्षी पेपरात छापतात – अर्जच आले नाहीत, निधी पडून राहिला, मुलांमध्ये जागृती नाही. जागृती! आम्ही झोपलो होतो, की आम्हांला उठवायला कोणी आलंच नाही?

– परिपाठाला इतकंच बोलून झालं आणि राज्यशास्त्राच्या उज्वला मॅडमनी हात वर केला. "रंजिता, प्रश्न कळला. आता उपाय सांग."

उपाय माझ्याकडे नव्हता. अख्खं कॉलेज बघत होतं, आणि उपाय नव्हता! मग त्याच म्हणाल्या, जिन्याखालचा फळा रिकामा असतो. दर सोमवारी त्यावर शिष्यवृत्त्या लिहायच्या, मुदतीसकट. "लिहिणार कोण?" मी विचारलं. त्यांनी खडू माझ्या हातात दिला.

आवाज केला की काम गळ्यात पडतं. हे आधी कोणी सांगितलं नव्हतं.

२१ नोव्हेंबर

फळ्यावर तीन शिष्यवृत्त्या लिहिल्या. तिन्हींची मुदत संपलेली. तरी लिहिल्या. पुढच्या वर्षी कोणीतरी वेळेवर वाचेल.

२४ नोव्हेंबर

मला वकील व्हायचंय. बारावीनंतर पाच वर्षांचा कायद्याचा अभ्यासक्रम, पुण्याला. सरकारी शिष्यवृत्ती फी भरेल. ती येईल तेव्हा येईल, पण भरेल. प्रश्न राहण्या-खाण्याचा. बाबा रंगारी आहेत, लोकांची घरं रंगवतात. आई वर्ध्याजवळ सावंगीला मेडिकलच्या पोरांच्या मेसमध्ये पोळ्या लाटते. दोघांनी आजवर मला "नको" म्हटलेलं नाही. म्हणून तर विचारायची भीती वाटते!

आज जेवताना विषय काढला. बाबा घास हातात धरून म्हणाले, "पुनं लय महाग असन ना वं?"

आई म्हणाली, "महाग असू दे. हिची जीभ इथं मावत नाई आता."

२ डिसेंबर

सापडली! आणि मुदत शिल्लक आहे!

सापडली कोणाला? मला नाही. नंदिनीवहिनीला. शेजारच्या शोभाकाकूंची ही सून, शुभमदादाची बायको. माझ्याहून दीड वर्षानं मोठी, गेल्या मे महिन्यात लग्न होऊन आली. आमच्या दोन घरांत एकच भिंत. दुपारी काकू झोपल्या की ती ओट्यावर मोबाईल घेऊन बसते. आज मला हाक मारली, "रंजू, हे पाय. नागपूरचा विद्यानिधी. बाहेरगावी शिकनाऱ्या पोरीचं रायनं-खानं सारं देतेत, शिकनं होयेपर्यंत. पंधरा तारखेलोक मुदत हाय."

"तुला कसं सापडलं?"

"सहज पायत होती."

तिला सगळं माहीत होतं. कोणाला उत्पन्नाचा दाखला चालतो, कोण मुलाखत घेतं, कोण नुसतेच फोटो काढून घेतं. मी तिला मिठीच मारली. आतून काकूंचा आवाज – "काऊन वं, दोघी मिळून काय पायता? सिरियल तं रात्री लागते!"

९ डिसेंबर

अर्जात एक प्रश्न आहे – 'आपल्या कौटुंबिक अडचणींचे वर्णन करा.'

वर्णन! म्हणजे जी मुलगी जास्त रडेल ती जास्त शिकेल? मी चार पानं लिहिली. शिक्षण हा उपकार नसून हक्क कसा, तिथपासून सुरुवात केली. मॅडमनी उभ्याउभ्या वाचलं. "भाषण उत्तम आहे. पण हा अर्ज आहे."

आईला विचारलं, अडचणी काय लिहू? ती भाजी निवडत होती. "अडचन कोनाच्या घरी नाई? त्याच्यात काय लिवाचं? हुशारीचं लिव ना."

मग शेवटी लिहिलं – 'आमच्याकडे अडचणी आहेत. पण मी अडचणींमुळे पात्र नाही, अभ्यासामुळे पात्र आहे. अडचणी पाहायच्या असतील तर घरी या.'

मॅडम म्हणाल्या, "हे ठेव. बाकी सगळं काढ."

३ जानेवारी

सावित्रीबाईंच्या जयंतीची वक्तृत्व स्पर्धा. पहिली आले! बक्षीस म्हणून भिंतीवरचं घड्याळ. बाबांनी लगेच खिळा ठोकला, पण सेल नव्हता. बाबा म्हणाले, "वेळ तुयी चांगली हाय, घड्याळीची कायले पायतं?"

१२ जानेवारी

विद्यानिधीचा फोन आला. शेवटच्या मुलींमध्ये माझं नाव आहे! आता गृहभेट. चोवीस तारखेला दोघं जण घरी येणार, परिस्थिती पाहणार, मग ठरवणार. 'घरी या' असं मीच लिहिलं होतं. आले!

आईला सांगितलं. तिच्या हातातलं लाटणं थांबलं. "घरी? आपल्या घरी?"

"आपण कसे राहतो तेवढंच पाहणार आहेत, आई."

"नागपूरवून येनार. आन आपून त्यायले बसवाचं कुठं?"

भिंतीपलीकडून काकू – एका भिंतीचे फायदे! – "अन्नपूर्णाबाई, फिकर नोका करू. आपली वस्ती मेली हाय का?"

मी हसले. काकूंच्या त्या बोलण्याचा अर्थ मला तेव्हा कळला नाही. मग सराव परीक्षेत बुडून गेले.

२४ जानेवारी

सगळं लिहिते. डोकं तापलंय, पण क्रमानं लिहिते.

राज्यशास्त्राचा सराव पेपर देऊन नालवाडीच्या स्टॉपवर उतरले. कोपऱ्यावर पंक्चरवाले डोमाजीकाका भेटले, छाती पुढे काढून. "जा लवकर. तुय्या घराले आज वळखू नाई शकत तू."

ओळखलं नाहीच! समोरची भिंत आकाशी निळी. बाबांच्या केसांत अजून रंग होता. "डॉक्टरच्या बंगल्याचा उरला होता. वाया कायले जाऊ द्याचा? भारी रंग हाय, धुता येते!" दाराला पडदा – समोरच्यांचा. आत काकूंचा मरून रंगाचा सोफा, अख्ख्या खोलीत मावत नव्हता म्हणून आमची पेटी मागच्या अंगणात गेलेली. टीपॉयवर फुलाफुलांचा डिनर सेट. आणि कोपऱ्यात डोमाजीकाकांचा कूलर.

"काका, जानेवारी आहे!"

"चालू कोन करते? दिसला पायजे फक्त."

मी ओरडणार होते. सगळं बाहेर काढा, अजून वेळ आहे! पण गाडी दारात उभी राहिली होती. पाहुणे ठरल्यापेक्षा लवकर आले.

ओमप्रकाशजी – सडपातळ, निवृत्त मुख्याध्यापक, खांद्याला शबनम पिशवी. आणि सुमित्राबाई – भारी शरीराच्या, प्रेमळ, पायऱ्या चढतानाच धाप लागलेली. काकूंनी त्यांना हाताला धरून सोफ्यावर बसवलं. पोहे आले. वर काजू! आमच्या घरात काजू! वस्तीतल्या बाया दाराशी उभ्या, मुलीचं लग्न असल्यासारख्या.

"घर छान ठेवलंय," ओमप्रकाशजी म्हणाले.

"तुमी येऊन राह्यले म्हनून जी," बाबा म्हणाले. खरं तेच बोलले. पण तो नम्रपणा समजला गेला.

"सोफा नवा दिसतो."

"कोराच हाय!" दारातून काकू. "मागच्या सालचा. प्लास्टिक आत्ता काढलं!"

सुमित्राबाई लिहीत होत्या. वाक्य माझ्या जिभेवर होतं. तयार, शेवटच्या पूर्णविरामासकट – सर, यातलं काहीही आमचं नाही. मी तोंड उघडलं. आणि आईकडे पाहिलं.

आई सोफ्याच्या कडेला बसली होती. अंगावर वहिनीची मोरपंखी साडी. एक तळहात सोफ्याच्या कापडावरून ती हळूहळू फिरवत होती, कोणाचं लक्ष नाही असं समजून. पाहुण्यांच्या बरोबरीनं, एका उंचीवर बसलेली माझी आई मी पहिल्यांदा पाहिली. ती इतकी सुंदर दिसत होती! आणि मी म्हणणार होते, ऊठ, हे तुझं नाही?

तोंड मिटलं. मंत्र्याला भर सभेत प्रश्न विचारून घाम फोडेन मी. आईच्या त्या तळहातापुढे गप्प बसले.

ते गेले. वस्तीनं टाळ्या वाजवल्या. काकूंनी माझ्यावरून बोटं मोडली. "झालं तुयं काम! पाय, किती खूश होऊन गेले!"

२५ जानेवारी

सगळं ज्याचं त्याच्या घरी गेलं. निळी भिंत तेवढी राहिली.

७ फेब्रुवारी

नाही.

मॅडमच्या फोनवर निरोप आला – मुलगी हुशार आहे, पण घरची परिस्थिती निधीच्या निकषात बसत नाही. मंगळवारी इंग्रजीचा पेपर आहे. मॅडमनी सांगायचं की नाही याचा दिवसभर विचार केला म्हणे. बरं केलं, सांगितलं. अर्धवट सत्यावर मला अभ्यास करता येत नाही.

घरी सांगितलं तेव्हा आईला आधी कळेचना. "परिस्थिती बसत नाई म्हंजे?"

"त्यांना आपण बरे वाटलो, आई. पैसेवाले."

तिनं निळ्या भिंतीकडे बघितलं. मग म्हणाली, "म्हंजे आमी चांगलं केलं, म्हनून झालं हे?"

आई रागावली असती, रडली असती, तर मला बोलता आलं असतं. ती फक्त उठली आणि माझ्यासाठी दूध गरम करायला गेली. बाबांनी खिशातून रंगाची कोरडी पापडी काढली, बघितली, परत ठेवली.

मला राग आहे! भयंकर राग आहे. पण कोणावर करू? काजू आणणाऱ्यांवर? ज्या वस्तीत पाहुणा कोणाचाही असो, तो सगळ्यांचा – त्या वस्तीवर? माझं भाषण असतं तर मी याच गोष्टीसाठी टाळ्या घेतल्या असत्या. राग करायचा तर त्या नियमावर करावा, ज्याला सोफा दिसतो आणि सोफा आणणारे दिसत नाहीत.

९ फेब्रुवारी

काकू सकाळपासून घराबाहेर आल्या नाहीत. दुपारी मीच गेले. पोळी लाटता लाटता त्या म्हणाल्या, "मले तोंड नोको दाखवू रंजू. मी तुया घात केला." मी त्यांच्या गळ्यात पडले. पीठ माझ्या केसांना लागलं. मग दोघी हसलो.

बाहेरच्या खोलीत वहिनी सोफ्यावर बसली होती. मी शेजारी बसले. मऊ आहे, खोटं का बोलू!

"ह्या सोफ्यानं दोघींचं कॉलेज खाल्लं वं," ती म्हणाली. हसत म्हणाली.

"दोघींचं?"

"माह्या बाबानं कॉलेजाचे पैसे बाजूले ठेवले होते. मंग हे स्थळ आलं. बाबा म्हने, आता कॉलेज कायले, तुले मस्त सोफा देतो." तिनं उशी झटकली. "चांगला देल्ला पन. लाकूड सागाचं हाय."

 मी त्या लाकडावरून बोट फिरवलं. ती म्हणाली, "जा, अभ्यास कर. इंग्रजीले पत्रलेखन पक्कं येते."

११ फेब्रुवारी

पत्रलेखन आलं.

१८ मार्च

पेपर संपले. मॅडम म्हणाल्या, पुन्हा भेट द्या अशी विनंती करता येते, मात्र खरं काय ते स्पष्ट सांगावं लागेल. मी दोन दिवस मसुदा करत होते. 'आतिथ्याची संस्कृती आणि दारिद्र्याचे मोजमाप' – असं नावसुद्धा दिलं होतं!

आज आई मेसमधून आली आणि चप्पल काढता काढता म्हणाली, "मी केला फोन."

"कोणाला?"

"त्या सायबाले. मॅडमकडून नंबर घेतला."

झालं ते असं. आईच सांगत होती, आणि मेसमधल्या तिच्या मैत्रिणीनंही नंतर हुबेहूब सांगितलं. पोळ्यांची परात बाजूला सारून आईनं स्पीकरवर फोन लावला – "सायेब, मी रंजिताची आई बोलून राह्यली. तो सोफा आमचा नाई."

"मग कूलर?"

"थोबी नाई जी."

"कपबश्या?"

"त्या सोफ्यावाल्याच्याच हायेत."

"आणि तो सुंदर रंग?"

"रंग डॉक्टरचा हाय. भिंत आमची हाय."

पलीकडे कागद उलटल्याचा आवाज झाला.  मग ते म्हणाले, "बाई, मग त्या दिवशी तुमचं काय होतं तिथं?"

"पोरगी," आई म्हणाली.

मी मसुदा फाडला. जन्मात इतकं छोटं आणि इतकं पूर्ण भाषण मला जमणार नाही.

५ एप्रिल

उद्या दुसरी भेट. संध्याकाळी वस्तीतल्या बुद्धविहारासमोर सगळ्यांना जमवलं. कोणाला काही द्या म्हणून सांगणं सोपं असतं. आज मला उलटं सांगायचं होतं – मायबहिणींनो, उद्या हात आवरा! काही आणू नका!

डोमाजीकाकांना पटेना. "पानी तरी आमच्या फिल्टरचं?"

"नाही."

"मंग काजू...?"

"काका!!"

"बरं बाप्पा. पन हे काई बरोबर नाई. पाहुना काय म्हनन वस्तीले?"

६ एप्रिल

आले. चटईवर बसले. म्हणजे ओमप्रकाशजी बसले. सुमित्राबाईंचे गुडघे दुखतात, त्यांना खाली बसताच येईना! आई माझ्याकडे बघते, मी बाबांकडे. खिडकीतून काकू – "पाह्य! मी म्हनलतंच ना!" शेवटी बाबा धावत जाऊन प्लास्टिकची खुर्ची घेऊन आले.

सुमित्राबाई बसल्या, खुर्चीच्या हातांवर हात टेकवून म्हणाल्या, "ही कोणाची?"

दारातून, खिडकीतून, गल्लीतून एकच आवाज – "विहाराची!"

ओमप्रकाशजी इतके हसले की त्यांचा चहा सांडला. मागच्या अंगणातली पेटी, चूल, मी जिथं अभ्यास करते तो कोपरा – सगळं बघितलं. सेल नसलेलं घड्याळही. मला एकच प्रश्न – "त्या दिवशी तू बोलली का नाहीस? तू तर वक्ता आहेस."

"आई सोफ्यावर बसली होती, सर."

त्यांनी मान हलवली. 

चहा वहिनीनं आणला होता, आमच्याच कपांतून. सुमित्राबाईंनी विचारलं, "आणि तुम्ही कोण?"

"मी सोफ्यावाली जी."

परत हशा. "शिकता काही?"

"बारावी झाली. मागच्या साली."

"किती मिळाले?"

वहिनीनं ट्रेकडे बघत सांगितलं. सत्त्याऐंशी टक्के.  खिडकीतल्या काकूंनी पदर तोंडाशी नेला. "मले कधी सांगतलं नाई हिनं."

"कोनी पुसलं नाई," वहिनी म्हणाली. रागानं नाही. साखर कमी आहे म्हणावं तशी.

सुमित्राबाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं. निधीत एक वर्षाचा खंड चालतो म्हणाल्या. वर्ध्यातल्याच कॉलेजात शिकणाऱ्या मुलींसाठी वेगळ्या जागा आहेत, अर्ज तीस एप्रिलपर्यंत घेतात. वहिनीनं "हो जी" म्हटलं, कप गोळा केले आणि निघून गेली.

तिचं ते दुपारचं मोबाईल बघणं. "सहज पायत होती." ती माझ्यासाठी शोधत होती, हे खरंच आहे. पण त्याआधी कोणासाठी शोधत होती? मी अख्ख्या जिल्ह्याच्या मुलींना हाका मारत होते, आणि एक भिंतीला पाठ टेकून बसली होती.

२२ एप्रिल

निवड झाली!!

पुणे! राहणं, खाणं, पुस्तकं – सगळं! बाबांनी मला उचलायचा प्रयत्न केला आणि त्यांची कंबर धरली. आई म्हणाली, "आता तिथं जाऊन रोज भांडन नोको करत जाजो." डोमाजीकाकांनी काजू आणले. आज आणू दिले!

वहिनी सगळ्यांत जास्त नाचली. मी तिला कोपऱ्यात ओढलं. "तुझा अर्ज?"

"तू भाषन नोको देऊ वं," म्हणाली आणि माझ्या तोंडात पेढा कोंबला. चारदा विचारलं. चारदा पेढा!

२९ एप्रिल

नंदिनीवहिनी,

हे पान मी फाडून तुझ्या उशाशी ठेवते आहे. बोलले असते तर तू हसून टाळलं असतंस. भाषण करणार नाही. शोभाकाकू आत्ता माझ्याजवळ बसल्यात आणि मी काय लिहिते ते मला वाचायला लावतायत. शुभमदादाला त्यांनी काल रात्रीच सांगितलं – पोरगी शिकन. तुला तोंडानं सांगायची त्यांना लाज वाटते, म्हणून मला लिहायला लावलं. म्हणतात, "लिव, सोफ्यावर बसून अभ्यास कर म्हना. दुसऱ्या कोनाले बसू नाई देत मी."

उद्या अर्जाचा शेवटचा दिवस. आम्ही दोघी स्टॉपवर उभ्या राहू.

सकाळी दहा वाजता मार्कशीट घेऊन ये.